येर्बा माते : वाटून पिण्याचा इतिहास

लॅटिन अमेरिकन कथा-कादंबऱ्या अनुवादातून वाचणाऱ्या वाचकाला 'माते' हा शब्द कुठे ना कुठे भेटलेला असतोच. हूलिओ कोर्तासारच्या 'रायुएला' (१९६३) या कादंबरीतला ओलिवेइरा पॅरिसमधल्या खोलीत माते करून घेतो. होसे एर्नांदेसच्या 'मार्तीन फिएर्रो' (१८७२) या दीर्घकाव्यातला गाउचो आपल्या हरवलेल्या सुखाचे वर्णन करताना पहाटेच्या चुलीशेजारी बसून घेतलेल्या मातेची आठवण काढतो. अशा ठिकाणी अनुवादक बहुधा एक तळटीप देतो : 'दक्षिण अमेरिकेतील चहासारखे एक पेय.' वर्गात अनुवादित साहित्य शिकवताना मीही अनेक वर्षे एवढेच सांगून पुढे जात असे. ही तळटीप चुकीची नाही, पण तिच्यात दोन गोष्टी राहून जातात. हे पेय कसे प्यायले जाते ही एक, आणि त्याची पाने कोणी तोडली ही दुसरी. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'माते' आपल्या कानाला आईला घातलेल्या सादेसारखे ऐकू येते, पण त्याचा उगम केचुआ भाषेतील 'माती' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ आहे भोपळ्याचे भांडे. म्हणजे पेयाला नाव मिळाले ते पात्रावरून. हा भोपळा आपल्याला परका नाही. आपला दुध्या भोपळा, गोसाव्याचा तुंबा आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा हे सारे ज्या वनस्पतीचे फळ, तिचेच ते वाळवून कोरलेले लहान फळ. 'येर्बा' हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ नुसता 'वनस्पती', 'पाला' असा. ज्या झाडाचा हा पाला, ते झाड पाराग्वे, ईशान्य अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझील यांच्या जंगलपट्ट्यातले. ओग्यूस्त द सें-इलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये त्याला 'इलेक्स पाराग्वारिएन्सिस' हे शास्त्रीय नाव दिले. त्याआधी कित्येक शतके ग्वारानी लोक त्याला 'काआ' म्हणत आले होते.

आता पिण्याच्या रीतीविषयी. भोपळ्यात निम्म्याहून अधिक कोरडी येर्बा भरायची, एका बाजूला उतार करायचा, थोडे कोमट पाणी घालून पाला भिजू द्यायचा आणि मग टोकाला गाळणी असलेली धातूची नळी, 'बोंबिया', त्यात रोवायची. नंतरचे पाणी गरम हवे, पण उकळते नको. साधारण ७० ते ८० अंशांचे. हे सारे करणाऱ्याला 'सेबादोर' म्हणतात. 'सेबार' या क्रियापदाचा मूळ अर्थ आहे जनावराला चारून पुष्ट करणे. म्हणजे मातेला पाणी 'भरवायचे' असते. पहिला, सर्वांत कडू आणि पुरता न उतरलेला माते सेबादोर स्वतः पितो. बाहेरच्याला ही अहंता वाटेल, पण तो सौजन्याचा भाग आहे. त्या पहिल्या मातेला लोक 'मूर्खाचा माते' असेही म्हणतात. मग तो पात्र पुन्हा भरून शेजारच्याकडे देतो. त्याने ते तळाशी आवाज येईपर्यंत संपवायचे आणि सेबादोरकडेच परत करायचे. सेबादोर पुन्हा भरतो आणि पुढच्याकडे देतो. असे हे रिंगण पाला 'धुऊन' निचव होईपर्यंत चालते. नळी हलवायची नाही. आणि 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', हा शब्द मध्येच उच्चारायचा नाही. कारण त्याचा अर्थ 'मला आता पुरे' असा घेतला जातो. घेत राहणाराने आभार मानायचे नसतात.

या साऱ्यात आपल्या मनाला प्रथम अडते ते उष्टे. एकच पात्र, एकच नळी, आणि ती ओठांतून ओठांत फिरते. मध्ये पुसणे हा अपमान. आपल्याकडे उष्ट्याचे नियम कोणाशी रोटीव्यवहार आहे, कोणाशी नाही, हे ठरवण्यासाठी वापरले गेले. पाणी वरून ओतण्याची रीत आणि वेगळी ठेवलेली कपबशी यांचा इतिहास मराठी दलित आत्मकथनांच्या वाचकाला सांगायला नको. त्यामुळे जिथे अनोळखी माणसालाही तीच नळी पुढे केली जाते, अशा रिवाजाकडे आपण काहीशा हेव्याने पाहतो. समतेचे हे चित्र तिकडच्या लोकांनाही प्रिय आहे. गवंडी आणि मालक, विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच मातेभोवती बसतात, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. पण या रिंगणाचा परीघ कुठे आखला गेला, हे पाहण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

*

ग्वारानी लोक हा पाला चघळत, आणि पाण्यात घालूनही पीत. गाळणीसाठी बारीक वेळूची नळी असे. त्यांच्या धर्मविधींतही त्याला स्थान होते. सोळाव्या शतकात असुन्सिओन येथे वसलेल्या स्पॅनिश लोकांनी ही सवय त्यांच्याकडूनच उचलली आणि ती इतकी झपाट्याने पसरली की सत्ताधीश घाबरले. एर्नान्दारियास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गव्हर्नरने सतराव्या शतकाच्या आरंभी येर्बावर बंदी घातली. लोक आळशी होतात, हे एक कारण; पाल्यात सैतानाचा वास आहे, असे काही धर्मगुरूंचे म्हणणे. बंदी टिकली नाही. व्यसनाचे रूपांतर व्यापारात झाले आणि येर्बा पोतोसीच्या चांदीच्या खाणींपर्यंत, पुढे लिमापर्यंत जाऊ लागली.

या व्यापाराची किंमत कोणी मोजली, याचा एक साक्षीदार उपलब्ध आहे. ज्या जेझुइट संघाच्या फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, त्याच संघाचा आंतोनिओ रुइस दे मोंतोया हा धर्मोपदेशक त्याच काळात पाराग्वेच्या जंगलात ग्वारानी शिकत होता. स्टीफन्सने आपल्या बोलीचे व्याकरण लिहिले, तसा मोंतोयाने ग्वारानीचा कोश रचला. १६३९ मध्ये माद्रिदला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने माराकायूच्या येर्बावनांविषयी लिहिले आहे. स्पॅनिश जमीनदार ग्वारानी माणसांना वेठीवर तिथे नेत. पाला तोडून, भाजून, पाठीवर लादून ते दलदलीतून मैलोन्‌मैल चालत. खायला जे जंगलात सापडेल ते. या वनांत ग्वारानींच्या हाडांचे मोठमोठे ढीग आपण पाहिले, असे मोंतोया नोंदवतो. येर्बा वाटून पिण्याची प्रथा स्पॅनिश घरांत रुजत होती त्याच वर्षांतली ही नोंद आहे. ज्यांच्याकडून पाला आणि रीत दोन्ही घेतली, त्यांनाच त्या पाल्याखाली गाडले गेले.

जेझुइटांनी पुढे आपली भूमिका बदलली. १६०९ पासून त्यांनी ग्वारानींसाठी जी मिशन-गावे वसवली, त्यांची संख्या कालांतराने तीस झाली आणि १७३२ च्या सुमारास त्यांत जवळपास १,४०,००० माणसे राहत होती. या गावांना राजाचा कर भरायचा होता, आणि त्यासाठी येर्बाइतके खात्रीचे चलन नव्हते. वनांतल्या दूरच्या फेऱ्यांत माणसे मरतात, म्हणून झाड गावाजवळ लावायचे असे ठरले. पण येर्बाचे बी सहजी रुजत नाही. कठीण कवचाचे हे बी पक्ष्यांच्या पोटातून गेल्यावरच जंगलात उगवते. मिशन-गावांनी त्यावर उपाय शोधला आणि गावाशेजारी येर्बाच्या बागा उभ्या राहिल्या. दांड्या वगळून बारीक केलेली त्यांची 'काआमिनी' बाजारात सर्वांत महाग विकली जाई. मिशनची व्यवस्था आदर्श होती असे नव्हे. तिच्यात पाद्र्यांचा शब्द अंतिम होता. पण पाला तोडणारा आणि पिणारा एकाच गावात राहत होता, प्रत्येक कुटुंबाला येर्बाचा शिधा मिळत होता, एवढे मात्र खरे.

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकलले. गावे ओस पडू लागली, बागा उजाडल्या, आणि बी रुजवण्याची विद्या हरवली. ती पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत हुम्बोल्टचा सहप्रवासी एमे बोंप्लां हा होता. सांता आना येथे ग्वारानींना हाताशी धरून तो येर्बाची लागवड करू पाहत होता. पाराग्वेचा हुकूमशहा डॉ. फ्रान्सिया याला आपल्या देशाची मक्तेदारी जाईल अशी धास्ती वाटली. १८२१ मध्ये त्याच्या सैनिकांनी नदी ओलांडून हल्ला केला, बोंप्लांच्या काही कामगारांना मारले आणि त्याला कैद करून नेले. त्याच्या सुटकेसाठी खुद्द सिमोन बोलिवारने पत्र लिहिले. तरी तो १८२९ पर्यंत सुटला नाही. इतिहासात बोंप्लांच्या कैदेची कथा सविस्तर सांगितली जाते. मारल्या गेलेल्या कामगारांची नावे तिच्यात नाहीत. पुढे बी रुजवण्याची युक्ती पुन्हा सापडून अर्जेंटिनाच्या मिसिओनेस भागात मोठ्या बागा उभ्या राहायला विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या दीडशे वर्षांत येर्बा पुन्हा जंगलातूनच आली.

*

याच दीडशे वर्षांत माते हे समतेचे प्रतीक झाले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. स्वातंत्र्ययुद्धांच्या काळात आणि नंतर गाउचो, सैनिक, बैलगाडीवान, शहरातले व्यापारी, सारेच माते पीत. १८३४ मध्ये चिलीच्या डोंगरात मुक्कामाला असलेल्या डार्विननेही रात्री माते घेतल्याची नोंद केली आहे. साखर न घातलेल्या कडू मातेला 'सिमार्रोन' म्हणत. ब्राझीलमधील 'शिमार्राऊं' हे त्याचेच रूप. 'सिमार्रोन' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे रानात पळून गेलेले जनावर किंवा पळून गेलेला गुलाम. मोकळ्या मैदानावरच्या माणसाला हे नाव जवळचे वाटले असल्यास नवल नाही.

पण त्याच काळातल्या बुएनोस आइरेसच्या दिवाणखान्यांची चित्रे पाहिली तर आणखी एक व्यक्ती दिसते. चांदीचे नक्षीदार माते हातात घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय मोलकरीण. भरते ती, नेऊन देते ती, रिकामे झाले की परत घेते ती. बसलेल्यांपैकी प्रत्येकाचे ओठ त्या नळीला लागतात. रिंगण तिच्या हातांनी फिरते, पण ती त्या रिंगणात बसलेली नाही. गाउचोच्या चुलीशेजारी सेबादोर पहिला घोट घेतो. दिवाणखान्यात सेबादोर हा नोकर असतो. एकाच रिवाजाची ही दोन रूपे शेजारीशेजारी नांदत होती.

याहून मोठे अंतर होते ते पिणाऱ्यांत आणि तोडणाऱ्यांत. १८६४ ते १८७० च्या युद्धात पाराग्वे उद्ध्वस्त झाला. त्यानंतर तिथल्या सरकारी जमिनी विक्रीला निघाल्या आणि १८८६ मध्ये स्थापन झालेल्या 'ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया' या कंपनीच्या हाती लाखो हेक्टर येर्बावने गेली. सीमेपलीकडे ब्राझीलमध्ये 'माते लारांजेइरा' कंपनीचे तसेच राज्य होते. १८७१ च्या एका सरकारी हुकुमाने मालकाच्या परवानगीशिवाय काम सोडणाऱ्या मजुराला पकडून परत आणण्याची सोय आधीच करून ठेवली होती. या मजुराला 'मेन्सू' म्हणत. महिन्याच्या करारावरचा म्हणून 'मेन्सुआल', त्याचे हे बोलीरूप. भरतीच्या वेळी त्याच्या हाती 'आंतिसिपो' ठेवला जाई. ऊसतोड कामगारांच्या महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ सांगायला एकच शब्द पुरे आहे : उचल. उचल दोनचार दिवसांत संपे, आणि मग मजूर कंपनीच्या दुकानातून कंपनीच्या भावाने खाऊन ती फेडत राही. ती फिटत नसे. येर्बाच्या वनाला 'खाण' आणि तोडणाऱ्याला 'खाणकामगार' म्हणत, यातच सारे आले.

या वनांविषयी लिहिणारा पहिला मोठा लेखक म्हणजे राफाएल बार्रेत. स्पेनमध्ये जन्मलेला हा पत्रकार १९०४ मध्ये पाराग्वेत आला आणि १९०८ मध्ये असुन्सिओनच्या वर्तमानपत्रात त्याने 'येर्बावने म्हणजे काय' अशा आशयाच्या शीर्षकाची लेखमाला लिहिली. कायद्याचा आधार, उचलीचा हिशेब, पाठीवर नव्वद किलोंच्या घरातला भारा घेऊन जंगलातून चालणारी माणसे, पळणाऱ्यांचा बंदुका घेऊन होणारा पाठलाग, हे सारे त्याने कंपन्यांची नावे घेऊन लिहिले. त्याच वर्षी त्याला अटक झाली, हद्दपारी झाली, आणि १९१० मध्ये क्षयाने तो मरण पावला.

बार्रेतनंतर हा विषय ललित साहित्यात आला. होरासिओ किरोगा हा उरुग्वेत जन्मलेला कथाकार मिसिओनेसमधील सान इग्नासिओ येथे, जेझुइटांच्या भग्नावशेषांशेजारी, राहत होता. त्याची 'लोस मेन्सू' ही कथा १९१४ ची. काये आणि पोदेले हे दोन मजूर पोसादास शहरात उतरतात, उचल घेतात, कपडे-अत्तरांवर ती उधळतात आणि पुन्हा वनात जातात. पुढे दोघे पळतात. पोदेले तापाने पावसात मरतो. काये कसाबसा पोसादासला पोचतो, आणि दहा मिनिटांच्या आत दारू पिऊन, नवा करार करून अत्तर विकत घ्यायला निघतो. किरोगा कुठेही हळहळत नाही. म्हणूनच ती कथा विसरता येत नाही. आउगुस्तो रोआ बास्तोस याच्या 'इहो दे ओम्ब्रे' (१९६०) कादंबरीत कासियानो आणि नाती हे जोडपे तान्हे मूल घेऊन ताकुरू-पुकूच्या येर्बावनातून पळते. आल्फ्रेदो वारेलाच्या १९४३ सालच्या 'एल रीओ ओस्कुरो' या कादंबरीवर १९५२ मध्ये चित्रपट निघाला आणि मेन्सूची कहाणी शहरातल्या प्रेक्षकांपर्यंत पोचली. हे प्रेक्षक घरी परतल्यावर माते पीतच असणार.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मेन्सू स्वतःही माते पीत होता. कामाला जुंपण्याआधी पहाटेच्या अंधारात मजुरांच्या तळावर तेच रिंगण बसे, तोच भोपळा फिरे. त्यामुळे 'मालकांची समता खोटी, मजुरांची वेदना खरी' अशी सोपी वाटणी करता येत नाही. मजुरांच्या रिंगणातली समता खरीच होती. दिवसातला तेवढाच काळ उचलीच्या वहीबाहेरचा होता, असे फार तर म्हणता येईल. रिवाज अन्यायावर पांघरूण घालतो आणि अन्यायात तग धरायला बळही देतो. दोन्ही कामे तोच भोपळा करतो.

*

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. बागा वाढल्या तसे उत्पादन मागणीपेक्षा जास्त झाले. अर्जेंटिनाने १९३५ मध्ये कायदा करून येर्बाच्या नियमनासाठी मंडळ स्थापले. १९९१ मध्ये ते बरखास्त झाले, भाव कोसळले, आणि २००१ मध्ये लहान बागाईतदारांनी पोसादासमध्ये ट्रॅक्टर आणून ठाण मांडले. त्यातून २००२ मध्ये पानाचा किमान भाव ठरवणारी नवी संस्था उभी राहिली. डिसेंबर २०२३ च्या अध्यक्षीय हुकुमाने भाव ठरवण्याचा तिचा अधिकार काढून घेतला. पान तोडणाऱ्याला आज 'तारेफेरो' म्हणतात. तो अजूनही वजनावर मजुरी घेतो आणि ट्रकच्या हौद्यातून बागेवर जातो. २०१३ मध्ये मिसिओनेसमध्ये असा एक ट्रक उलटला. मृतांत अल्पवयीन मुलेही होती. त्यानंतर 'बालमजुरीविना माते' ही मागणी करणारी मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या संसदेने मातेला 'राष्ट्रीय पेय' घोषित केले. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या आहेत.

दरम्यान रिंगण दूरवर पोचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत गेलेले सीरियन आणि लेबनीज लोक परतताना माते घेऊन आले. आजही अर्जेंटिनाच्या येर्बाचा मोठा ग्राहक सीरिया आहे. लेबनॉनच्या डोंगरातील द्रूझ घरांत नळी पुढे देताना लिंबाच्या सालीने पुसण्याची रीत आहे. उष्ट्याशी केलेली ही एक सुंदर तडजोड म्हणावी लागेल. पाराग्वेत थंड पाण्यात, औषधी मुळ्या ठेचून घेतला जाणारा 'तेरेरे' २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला.

ते वर्षही विलक्षण. कोविडच्या साथीत अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे येथील सरकारांना लोकांना सांगावे लागले की माते वाटून पिऊ नका. गव्हर्नरच्या बंदीने आणि आरोग्याच्या उपदेशांनी जे झाले नव्हते, ते एका विषाणूने केले. प्रत्येकाचा भोपळा वेगळा, नळी वेगळी. लोक अंतर राखून आपापला माते पीत बसले. त्या दिवसांत तिकडच्या लोकांना काय गमावले असे वाटले असेल, हे आपल्याला कळू शकते. कारण आपणही त्या दिवसांत चहाच्या टपरीवरची सोबत गमावली होती.

पण मला त्यावेळी राहून राहून एक वाटत होते. पान तोडणारा आणि पिणारा यांचे भोपळे वेगळे आहेत, हे तिथे चारशे वर्षे चालत आले आहे. त्यांच्यातले अंतर राखायला कुठल्या साथीची गरज लागली नाही. ते अंतर ज्यांनी काही काळ तरी ओलांडले त्यांत बार्रेत होता, किरोगा होता, रोआ बास्तोस होता. साहित्याने मजुरी वाढत नाही, हे कबूल. पण पिणाऱ्याच्या शेजारी, त्याच रिंगणात, तोडणाऱ्याला आणून बसवण्याचे काम या लेखनाने केले.

तेव्हा ती तळटीप आता मी वर्गात जरा लांबवून सांगतो. चहासारखे पेय, एकाच नळीने वाटून घेतात, मध्ये आभार मानत नाहीत. आणि मग कायेचे नाव सांगतो, जो अत्तर घ्यायला निघाला होता.